जुन्या फोर बाय फोरचे चिकटणारे ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी फोर बाय फोर वापरणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, आणि त्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कॅलिपर बदलला, तरी तेच.’ (कॅलिपर म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग.) म्हणून इथे कुठला पार्ट बदलायचा यापेक्षा दाब कुठे अडकलाय ते आधी कसं शोधायचं, यावर भर आहे. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि ५ आधी वाचा.

१. ब्रेक चिकटतोय हे गाडी चालवताना कसं कळतं?

सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकली की गाडी घरंगळत जायच्या ऐवजी लवकर मरते. नेहमी टॉप गिअरमध्ये निघणारा रस्ता एक गिअर खाली मागायला लागतो. थांबल्यावर एका चाकाजवळ जळका, तिखट वास येतो, किंवा चार रिमांपैकी एकाच रिमवर ब्रेकची काळी धूळ जास्त साठलेली दिसते. डिझेल जास्त लागतंय ही तक्रार बहुतेक वेळा सर्वांत शेवटी लक्षात येते.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते हे इथे ध्यानात घ्यावं. पिस्टनभोवतीचं रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळलं जातं, आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे घेतं. ही माघार मिलिमीटरच्याही काही दशांशांची. एवढ्याशा ताकदीवर सगळा कारभार चालतो, म्हणून थोडासा गंजही पुरतो.

२. थोडासाच चिकटतोय. असं चालवलं तर काय बिघडेल?

पॅड आणि डिस्क लवकर झिजतील, हा त्यातला स्वस्त भाग. खरी भीती ब्रेक ऑइल उकळण्याची आहे. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. सतत घासणारी डिस्क हे तापमान सहज गाठते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट खाली जातं. तेही बहुधा उतारावर, कारण तिथेच ब्रेकवर पाय जास्त असतो. चाकाची बेअरिंग आणि ग्रीसचं सीलही याच उष्णतेने जातं.

वास येत असेल तर थांबा आणि आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

३. नेमकं कुठलं चाक चिकटतंय ते कसं शोधू?

दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शक्य तितका ब्रेक न वापरता. शेवटी ब्रेक न मारता, गिअर उतरवत, जवळजवळ आपोआप थांबा. हे महत्त्वाचं आहे, कारण थांबताना जोरात ब्रेक मारला की चारही चाकं तापतात आणि पुरावा पुसला जातो. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक डिस्क किंवा ड्रमचं तापमान घ्या आणि लिहून ठेवा. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ हात धरून धग बघा. डिस्कला बोट लावायचा मोह आवरा.

तुलना एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांची करायची. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे पुढे-मागे फरक असतोच. डावीकडे ५० आणि उजवीकडे १२० असेल तर चाक सापडलं. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या असतील तर प्रश्न ८.

४. जॅकवर चढवून चाक फिरवलं, पण जड आहे की बरोबर आहे तेच कळत नाही.

फोर बाय फोरमध्ये हा गोंधळ होणारच, कारण चाकासोबत तुम्ही अर्धी ड्राइव्हलाइनही फिरवत असता. ट्रान्स्फर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाका, फ्री व्हील हब (पुढची चाकं ड्राइव्हलाइनपासून सोडवणारे) असतील तर मोकळे करा. मागचं एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरलं तर ते डिफरन्शिअलचं काम आहे. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरायला अडवणारं) असेल तर एकच चाक उचलल्यावर ते जड लागणारच. अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं उचला.

पॅडचा हलका ‘सुर्र’ आवाज चालतो. ड्रममध्ये एखाद्या जागी शू (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा भाग) किंचित लागला तरी चालतो. हाताने जोर देऊन सोडल्यावर चाक लगेच थांबत असेल तर ते चालत नाही. तरीही शंका राहिली तर चाक आणि कॅलिपर काढून नुसता हब फिरवा. पॅड नसताना तो किती हलका फिरतो हे एकदा हाताला कळलं की पुढे विचारावं लागत नाही.

एक इशारा. तुमचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असेल (लँड रोव्हर डिफेंडर, जुन्या विलिस जीप), तर मागचं एक चाक उचलल्याबरोबर तो हँडब्रेक निकामी होतो. शाफ्ट धरलेला असला तरी उचललेलं चाक एका दिशेने आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेने फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून निघून जाते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या, मगच हात घाला.

५. चिकटण्याचं कारण ऑइलचा दाब आहे की गंज, हे पार्ट न उघडता कळेल का?

कळेल, आणि दहा मिनिटांत. सगळ्या तपासणीत ही एक पायरी वगळू नये, पण नेमकी हीच सगळे वगळतात.

गाडी चालवून ब्रेक चिकटलेल्या अवस्थेत आणा. गार झाल्यावर सगळं सुटलेलं असेल तर ही चाचणी काहीच सांगणार नाही. चाक उचला, हाताने फिरवून जड आहे याची खात्री करा. पेडलला हात-पाय लावू नका. आता त्या चाकाचा एअर काढायचा निपल पाव फेरा सैल करा. निपलवर पारदर्शक नळी चढवलेली असू द्या आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण गरम ऑइल पिचकारीसारखं उडू शकतं आणि रंगावर पडलं तर रंग सोलतो.

पिचकारी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब अडकलाय, आणि तो चाकाच्या वरच्या बाजूला कुठेतरी अडकलाय. पुढे प्रश्न ६.

नुसतं थेंबभर ऑइल आलं आणि चाक तितकंच जड राहिलं, तर अडचण त्या चाकातच आहे आणि ती यांत्रिक आहे. डिस्क असेल तर प्रश्न १०, ड्रम असेल तर प्रश्न १२.

६. निपल उघडल्यावर चाक सुटलं. आता पुढे काय?

पुन्हा चिकटवा आणि एक सांधा वर सरका. रबरी होज जिथे लोखंडी पाइपला जोडला जातो तिथला नट सैल करा, होजच्या वरच्या टोकाचा. इथे सोडूनही चाक जडच राहिलं, पण खाली निपलला मोकळं झालं, तर दोघांच्या मध्ये फक्त होज आहे. चोर सापडला.

इथेच चाक मोकळं झालं तर आणखी वर जा: मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरच्या) तोंडाचा पाइप. तिथेही सुटलं तर मास्टर सिलिंडर किंवा त्याच्या मागचं काही दाब परत येऊ देत नाहीये, म्हणजे प्रश्न ८. मधेच कुठे अडकलं असेल तर मागच्या अ‍ॅक्सलसाठी प्रश्न १६ बघा. प्रत्येक सैल केलेल्या सांध्यानंतर एअर काढावी लागते, हे वेगळं सांगायला नको.

७. होज बाहेरून नव्यासारखा दिसतो. तो कसा खराब असेल?

होज आतून बिघडतो. आतला रबराचा थर सुटून पापुद्रा तयार होतो आणि तो झडपेसारखा वागतो. पेडल दाबताना पायाची ताकद बूस्टरने वाढवलेली असते, ती ऑइलला पापुद्र्यातून ढकलून नेते. परत यायला मात्र सीलची ती इवलीशी ताकद असते, आणि पापुद्रा वाट बंद करतो. होजला अ‍ॅक्सलवर धरणारी पत्र्याची पट्टी आतून गंजून फुगली तरी होज आवळला जाऊन हेच होतं.

याच कारणापायी मी एका चाकाला दोनदा कॅलिपर बसवला आहे. दुसऱ्यांदा बसवताना जुना होज हातात वाकवून बघितला, ठणठणीत वाटला, पुन्हा तोच लावला. शेवटी चिडून तो उभा कापला तेव्हा आतली वाट सुईएवढी उरली होती. होज दोन्ही बाजूंचे एकदम बदला, जुने असतील तर सगळेच. आणि तपासणीसाठी होजला चिमटा किंवा व्हाइस ग्रिप लावू नका. बरा असलेला होज त्यानेच आतून फाटतो.

८. एक नाही, पुढची दोन्ही किंवा चारही चाकं एकदम चिकटतात.

चार कॅलिपर एकाच आठवड्यात जाम होत नाहीत. बिघाड वर आहे, पेडल ते मास्टर सिलिंडर या टप्प्यात.

मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या टाकीला जोडणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना ते उघडं राहतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर छिद्र झाकलेलं राहतं. मग प्रत्येक ब्रेकने ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नसते, ते पॅड आणखी दाबतं, आणखी तापतं. शेवटी गाडी हलत नाही.

पिस्टन मागे का येत नाही याची कारणं, मी ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने. पेडलला हाताने हलवून बघा: अडथळा जाणवायच्या आधी काही मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती नसेल तर पेडलचा जोर पुढे नेणारा पुशरॉड लांब झालाय, किंवा ब्रेक लाइटचा स्विच इतका पुढे बसवलाय की तो पेडलला वर येऊच देत नाही. या स्विचकडे कोणी बघत नाही. पेडलखाली जाड मॅट किंवा पेडलचा गंजलेला बुश, हेही असतं. मग बूस्टर. इंजिन बंद करा, पेडल चार-पाच वेळा मारून व्हॅक्यूम संपवा. चाकं सुटली तर बूस्टरची झडप अडकतेय. नाही सुटली तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून सिलिंडर पुढे सरकवा. त्याने चाकं सुटली तर बूस्टरचा आतला रॉड लांब आहे. बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर नुकताच बदललेला असेल तर मी इथूनच सुरुवात करतो.

छिद्र उघडं आहे का हे बघायचं असेल तर टाकीचं झाकण काढा आणि कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. चाल सुरू होताच ऑइलमध्ये छोटी उकळी किंवा तरंग उठला पाहिजे. तोंड फार जवळ नेऊ नका.

९. सकाळी निघताना एकदम छान, दहा-बारा किलोमीटरनंतर जाम, अर्धा तास थांबलं की पुन्हा छान. असं का?

उष्णतेने वाढत जाणारं आणि गार झाल्यावर सुटणारं चिकटणं हे बहुधा प्रश्न ८ मधल्या झाकलेल्या छिद्राचंच असतं. एकच चाक असं वागत असेल तर होज (प्रश्न ७) किंवा फुगलेलं सील (प्रश्न १५). गंजाने जाम झालेलं चाक सहसा सकाळीही जडच असतं.

१०. निपल उघडूनही डिस्कचं चाक सुटलं नाही. कॅलिपर गेला का?

गेला असेलच असं नाही. आधी पॅड बघा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का? सरकत्या कॅलिपरमध्ये एकच जास्त झिजला असेल तर सरकण्याच्या पिना जाम आहेत. पिना काढा, गंज साफ करा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. नेहमीचं बेअरिंग ग्रीस लावलं तर पिनेवरचा रबरी बुश फुगतो आणि महिन्याभरात पिना पहिल्यापेक्षा घट्ट बसतात.

पिना मोकळ्या असतील तर पॅडचे कान जिथे बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा काढा. क्लिपेखाली गंजाचा थर वाढतो, क्लिप उचलली जाते, आणि पॅड खाचेत पाचरीसारखा आवळतो. पॅड बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागला तर तो परत येणार नाही. ब्रशने आणि कानशीने खाच साफ करण्यात जेवढा वेळ जातो तेवढा पार्ट बदलण्यात जात नाही, म्हणून हे काम टाळलं जातं.

टोयोटाच्या हायलक्स, लँड क्रूझरसारख्या गाड्यांवर पुढे चार पिस्टनचा स्थिर कॅलिपर असतो. त्याला सरकत्या पिनाच नाहीत. तिथे चारही पिस्टन एकेक करून दाबून बघावे लागतात. तीन हलतात आणि चौथा ढिम्म, असं नेहमी दिसतं.

११. जाम पिस्टन काढून पॉलिश पेपरने घासला तर चालतो का?

वरवरचा डाग असेल तर चालतो. सील जिथे घासतं त्या भागावर नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदला, कारण क्रोमचा थर तिथे संपलेला असतो. खड्डा धूळ अडवणाऱ्या रबराखालून सुरू होतो. ते रबर फाटलं आणि पाणी शिरलं की पिस्टन लवकरच जाम होतो. सील नवीनच घाला. पिस्टन काढताना हवेचा दाब वापरत असाल तर समोर लाकडाचा तुकडा ठेवा आणि बोटं बाहेर. तो बंदुकीसारखा सुटतो.

१२. मागचे ड्रम चिकटतात. कुठून सुरुवात करू?

अ‍ॅडजस्टरपासून. शू ड्रमच्या किती जवळ राहतात ते ठरवणारा हा दातेरी स्क्रू चार दाते मागे घ्या. चाक सुटलं तर कोणीतरी तो जास्त आवळला होता, किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली असताना अ‍ॅडजस्ट केलं होतं. आधी केबल पूर्ण सैल, मग शू, शेवटी केबल, हा क्रम उलटला की हमखास चिकटतं.

ड्रम उघडल्यावर बॅकप्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर टेकून सरकतो ते बघा. जुन्या गाडीत तिथे शूच्या कडेने खाच पडलेली असते. शू बाहेर जातो, खाचेत अडकतो आणि स्प्रिंग त्याला परत आणू शकत नाही. खाच वेल्डने भरून घासता येते. स्प्रिंगा ताणून लांब झाल्या असतील तर संच बदला. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचलून बघा: आत ओल म्हणजे गळती, तपकिरी पूड म्हणजे जाम व्हायच्या वाटेवर.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ फुंकू नका, एअर मारू नका. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओली करून पुसा.

१३. हँडब्रेक सोडला तरी गाडी धरलेलीच राहते.

खाली जाऊन केबल लिव्हरपाशी हाताने मागे ढकला. ती परत गेली आणि चाक सुटलं तर केबल बाहेरच्या आवरणात गंजलीय. ऑइल सोडून ती काही दिवस चालेल, पण बदलावीच लागते. मागे डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असतो. कॅलिपर काढूनही डिस्क फिरत नसेल तर या ड्रममध्ये बघा. प्रॉपेलर शाफ्टवरचा हँडब्रेक चिकटला तर चाकं थंड आणि ट्रान्स्फर केसच्या मागचा ड्रम तापलेला सापडतो, कधीकधी धूर काढणारा. तो ट्रान्स्फर केसच्या गळक्या सीलचं ऑइल पिऊनही बसलेला असतो.

१४. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक चिकटतोय ना?

ब्रेक न मारता ओढत असेल तर बहुधा हो. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर उलटही असू शकतं: उजवा पिस्टन जाम होऊन पुढे येतच नाही आणि डावा एकटाच काम करतोय. प्रश्न ३ ची तापमानं घ्या, मग ब्रेक वापरत चालवून पुन्हा घ्या, की उत्तर मिळतं. पिस्टन जाम असेल तर ब्रेक वापरूनही गार राहिलेलं चाक दोषी असतं.

१५. टाकीत चुकून इंजिन किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल पडलं. काढून टाकलं तर पुरे का?

पुरत नाही. डॉट ३ आणि ४ साठीची सीलं खनिज तेलाने फुगतात, मऊ पडतात, आणि मास्टर सिलिंडरचं छिद्र झाकून बसतात. टाकीच्या झाकणातलं रबर बघा: ते वेडंवाकडं फुगून परत जागेवर बसत नसेल तर तेल सगळीकडे पोचलंय. टाकीतलं थोडं ऑइल पाण्याच्या ग्लासात टाका. ब्रेक ऑइल विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर सगळी सीलं, सगळे होज बदलायचे आणि पाइप धुऊन काढायचे. मन मोडणारं उत्तर आहे, पण अर्धवट केलं तर उरलेलं तेल नव्या सीलांनाही खातं.

१६. मागच्या अ‍ॅक्सलवर, चेसिसला जोडलेल्या दांड्याची एक झडप आहे. तिचा संबंध आहे का?

ती भार ओळखणारी झडप. मागे वजन नसताना मागच्या ब्रेकचा दाब कमी करते. चिखलात वर्षं काढल्यावर ती जाम होते आणि क्वचित दाब अडकवते. तिच्या आधीचा आणि नंतरचा सांधा प्रश्न ६ सारखाच तपासा. गाडीचं सस्पेन्शन उंच केलं असेल तर तिची सेटिंग बदललेली असते, तीही बघा.

१७. नदी ओलांडून आल्यापासून घासल्याचा आवाज येतोय.

आधी पाण्याने सगळं धुवा. वाळू, किंवा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकलेला खडा असेल तर तेवढ्यात जातो. ड्रम उघडून गाळ काढावाच लागतो, तो स्वतःहून बाहेर पडत नाही. चाकं धुऊन गाडी लगेच कित्येक दिवस उभी करू नका. ओले शू ड्रमला गंजाने चिकटतात. थोडी फिरवून सुकवा आणि हँडब्रेक न लावता ठोकळे लावा.

१८. चारही चाकं गार आहेत, तरी गाडी धरल्यासारखी वाटते.

मग ब्रेक सोडा. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलात, तर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळं अंतर कापतात आणि ड्राइव्हलाइन पिळली जाते. गाडी ब्रेक धरल्यासारखी अडते, लिव्हर निघता निघत नाही. थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत सेंटर डिफ लॉक (पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधणारा) अडकला तर हेच होतं. पुढे-मागे वेगळ्या झिजेचे टायर असतील तरी.

चाकाच्या मधोमध हब तापलेला आणि डिस्क तुलनेने गार असेल तर बेअरिंग जास्त आवळलीय.

१९. जुन्या जीपला ड्रम काढून डिस्क बसवल्या. सगळं नवीन, तरी चारही चिकटतात.

ड्रमच्या काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, किंवा त्याच्या पाइपमध्ये, थोडा दाब मुद्दाम धरून ठेवणारी झडप असते, साधारण १० पीएसआय. ड्रमला ती हवी असते, कारण व्हील सिलिंडरची रबरं पसरलेली राहतात आणि शूच्या स्प्रिंगा एवढा दाब सहज मागे लोटतात. डिस्कला स्प्रिंग नाही (प्रश्न १), म्हणून तोच १० पीएसआय पॅडला कायम घासत ठेवतो. प्रश्न ५ ची चाचणी इथे ‘दाब अडकला’ असंच सांगेल, आणि होज, पुशरॉड सगळं बरोबर सापडेल.

ती झडप काढा. मात्र मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर काहीच न ठेवणंही चालत नाही. उभ्या गाडीत ऑइल खाली ओघळतं आणि पहिलं पेडल रिकामं जातं. तिथे डिस्कसाठीची २ पीएसआयची झडप लावतात. मागे ड्रम तसेच ठेवले असतील तर १० ची फक्त मागच्या पाइपवर राहू द्या.